तीन हजारांचं भिंग तीनशेवर कसं आलं? मदुराईच्या ‘ऑरोलॅब’ची गोष्ट

आपल्या भागात कुठल्याही गावच्या पारावर जा. बसलेल्या म्हाताऱ्या माणसांत दोन-चार जण तरी सापडतील, ज्यांच्या डोळ्यात भिंग बसवलेलं आहे. ‘डाव्याचं झालं, उजव्याचं दिवाळी झाली की करायचंय,’ असं ते अगदी सहज सांगतात. पण चाळीस वर्षांपूर्वी हे भिंग परदेशातून यायचं आणि त्याची किंमत ऐकूनच माणूस घरी परतायचा. ते एवढं स्वस्त कसं झालं, कोणी केलं आणि त्यात कंपनी बुडाली कशी नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

हल्ली ‘हेल्थ-टेक’ हा शब्द पोरांच्या तोंडी असतो. आरोग्याच्या धंद्यातलं तंत्रज्ञान म्हटलं की मोबाईलवरचं ॲप, करोडोंची गुंतवणूक, मुंबई-बेंगळुरूची काचेची ऑफिसं डोळ्यासमोर येतात. आजची गोष्ट त्यातली नाही. ती आहे प्लॅस्टिकच्या एका चकतीची, जिचा मधला गोल जेमतेम सहा मिलिमीटरचा असतो. ही चकती बनवणारी संस्था तामिळनाडूत मदुराईला आहे. तिचं नाव ऑरोलॅब.

जाड चष्म्याचा काळ

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागं एक नैसर्गिक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वय झालं की ते गढूळ होत जातं. मग सगळं धुरकट दिसतं, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फाकतो, सुईत दोरा जात नाही. याला अजून गोळी नाही की थेंब नाही. गढूळ झालेलं भिंग काढणं हा एकच उपाय.

पूर्वी ते काढायचे आणि डोळा तसाच मोकळा ठेवायचे. भिंगच नाही म्हटल्यावर डोळ्याला नीट दिसणार कसं? म्हणून सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. ज्यांचं वय आज चाळीसच्या पुढं आहे, त्यांना असे आजोबा-आजी आठवत असतील. त्या चष्म्यातून वस्तू होती त्यापेक्षा मोठी आणि जवळ दिसायची, पायरी उतरताना अंदाज चुकायचा. आणि चष्मा फुटला किंवा हरवला की माणूस परत आंधळा. ऑपरेशन झालेलं असूनसुद्धा.

यावर उपाय सापडला इंग्लंडमध्ये. हॅरोल्ड रिडली नावाचे डोळ्याचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यात घुसले होते. ते आत राहूनही डोळा बिघडला नाही, हे त्यांनी पाहिलं. मग याच प्लॅस्टिकचं भिंग बनवून डोळ्यात का बसवू नये? 1949 साली लंडनला त्यांनी तसं केलं. सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांनी विरोध केला, पण पुढं सुधारणा होत गेल्या आणि 1980 च्या दशकात श्रीमंत देशांत भिंग बसवणं ही नेहमीची गोष्ट झाली.

आपल्याकडं मात्र अडचण होती किमतीची. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडायचं. 1990 नंतरच्या काळात डॉलर पंचवीस-तीस रुपयांचा होता, म्हणजे एका डोळ्याला अडीच-तीन हजार रुपये. तेव्हाच्या शेतमजुराची कित्येक महिन्यांची मजुरी त्यात जायची.

अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरुवात

इथं गोष्टीत येतात डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. सगळे त्यांना ‘डॉ. व्ही’ म्हणायचे. जन्म 1918 चा, तामिळनाडूतल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात. डॉक्टर होऊन सैन्यात गेले, पण तिथं संधिवातानं असं गाठलं की हाताची बोटं कायमची वाकडी झाली. सैन्य सोडावं लागलं. वाकड्या बोटांनी नस्तर धरायला ते पुन्हा शिकले आणि डोळ्यांचे सर्जन झाले. सरकारी नोकरीत असताना गावोगावी शिबिरं घेतली. आयुष्यात एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःच्या हातांनी केल्या.

1976 साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. त्याच वर्षी मदुराईत अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय त्यांनी सुरू केलं. घर गहाण टाकलं, भाऊ-बहिणी आणि त्यांच्या जोडीदारांना कामाला लावलं. ठरवलं ते असं: ज्याला परवडतं त्यानं पैसे द्यावेत, ज्याला परवडत नाही त्याचं ऑपरेशन फुकट किंवा नाममात्र पैशात होईल. पैसे देणाऱ्यांकडून जे उरेल त्यातून फुकटवाल्यांचा खर्च निघेल.

ऐकायला हे धर्मादाय वाटतं. पण डॉ. व्हींचं म्हणणं वेगळं होतं. देणगीवर चाललेलं काम देणगी थांबली की थांबतं, त्यामुळं रुग्णालय स्वतःच्या कमाईवर उभं राहिलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मॅकडोनाल्ड या अमेरिकन खाणावळीच्या साखळीचं त्यांना फार कौतुक होतं. कुठल्याही गावातल्या दुकानात तोच पदार्थ, तीच चव, ठरलेल्या वेळात मिळतो. डोळ्याचं ऑपरेशन असं का देता येऊ नये, असं ते विचारायचे.

एका छताखाली दोन रांगा

1980 च्या दशकात भिंगं आली आणि रुग्णालयात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पैसे देणाऱ्या रुग्णाला भिंग बसवलं जायचं, फुकटच्या रुग्णाला जाड चष्मा. डॉक्टर तेच, टेबल तेच, पण घरी जाताना एकाला नीट दिसायचं आणि दुसऱ्याला चष्म्याच्या भरवशावर. काही भिंगं परदेशातून दानात यायची, ती किती पुरणार?

त्या काळात जाणकार मंडळींमध्येही असं बोललं जायचं की गरीब देशांनी भिंगाच्या नादी लागू नये, आंधळे इतके आहेत की चष्म्याचं ऑपरेशनच बरं. डॉ. व्हींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे पटलं नाही. दान मागत बसण्यापेक्षा भिंग आपणच बनवायचं, असं ठरलं. अमेरिकेतली सेवा फाउंडेशन आणि तिच्याशी जोडलेले डेव्हिड ग्रीन या कामात सोबत आले. अमेरिकेतल्या एका उत्पादकाकडून तंत्रज्ञान विकत घेतलं. यंत्रं बसवायला, माणसं शिकवायला बाहेरून मदत मिळाली. 1992 साली मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली. धुरा सांभाळली डॉ. पी. बालकृष्णन यांनी, जे घरातलेच आणि अभियंते होते.

सुरुवातीलाच ऑरोलॅबचं भिंग दहा डॉलरच्या आसपास पडलं, म्हणजे साधारण तीनशे रुपये. पुढं साध्या भिंगाची किंमत आणखी खाली आली.

हिशोब कसा बसला?

आता शेतकऱ्याच्या भाषेत हिशोब बघू. मळणी यंत्र घेतलं आणि स्वतःच्या दोन एकरांपुरतंच वापरलं, तर पोत्यामागं मळणीचा खर्च किती येईल? कंबरडं मोडेल. तेच यंत्र गावभर फिरवलं, हंगामात रोज चालवलं, तर पोत्यामागं खर्च नगण्य होतो. यंत्राची किंमत तीच असते, ती किती पोत्यांवर वाटली जाते एवढाच फरक.

भिंगाचं तसंच आहे. त्यात लागणारं प्लॅस्टिक चिमूटभर. खरा खर्च यंत्राचा, निर्जंतुक खोलीचा, तपासणीचा आणि शिकलेल्या माणसांचा. परदेशी कंपन्या किंमत ठरवताना बघत होत्या की अमेरिकेतला रुग्ण आणि त्याचा विमा किती देऊ शकतो. ऑरोलॅबनं उलट्या बाजूनं सुरुवात केली. मदुराईच्या खेड्यातल्या माणसाला काय झेपेल ते आधी धरलं, मग त्या किमतीत बसेल असं उत्पादन कसं करायचं ते शोधलं. आणि किंमत कमी ठेवली म्हणून खप वाढला, खप वाढला म्हणून भिंगामागचा खर्च अजून कमी झाला.

यात एक गोष्ट त्यांच्या फायद्याची होती. पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. अरविंद रुग्णालयात रोज शेकडो ऑपरेशनं व्हायची, त्यामुळं पहिल्या दिवसापासून माल खपण्याची खात्री. भिंगात काही उणं-दुणं असेल तर वापरणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर, तक्रार लगेच कळायची.

स्वस्त म्हणजे हलकं, ही शंका तेव्हा सगळ्यांनाच होती. ती काढायला युरोपात विक्रीसाठी लागणारं सीई प्रमाणपत्र त्यांनी मिळवलं. आज ऑरोलॅबची भिंगं शंभराहून जास्त देशांत जातात. भिंगासोबत डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे टाके, औषधं, पाती हेही ते बनवतात. भारतातल्या इतर कारखान्यांनीही भिंगं काढली, स्पर्धा वाढली आणि परदेशी कंपन्यांनाही इथं भाव खाली आणावे लागले. तुमच्या-आमच्या घरच्यांच्या डोळ्यात मदुराईचंच भिंग असेल असं नाही, पण ते परवडण्यात मदुराईचा वाटा नक्की आहे.

कारखान्यात काम करणाऱ्यांत बहुतेक मुली आहेत, आजूबाजूच्या खेड्यांतल्या, शाळा संपवून आलेल्या. रुग्णालयातही तसंच. गावातल्या मुलींना घेऊन दोन वर्षं शिकवायचं आणि डोळे तपासणं, नंबर काढणं, रुग्ण तयार करणं ही कामं त्यांच्याकडं द्यायची. डॉक्टरनं फक्त डॉक्टरचंच काम करायचं.

दोन टेबलं, एक डॉक्टर

भिंग स्वस्त झालं तरी ऑपरेशन महाग राहिलं असतं तर उपयोग काय? म्हणून शस्त्रक्रियागृहाची मांडणीही बदलली. एका डॉक्टरला दोन टेबलं. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. डॉक्टर एक संपवून वळतो आणि दुसरं सुरू करतो, मध्ये वाट बघणं नाही. अशा पद्धतीनं तिथला एक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास ऑपरेशनं करतो, देशातल्या सरासरीच्या कित्येक पट.

पद्धतही साधी निवडली. फेको यंत्र महाग, त्याला लागणारं सामानही महाग. बहुतेक फुकटच्या रुग्णांचं ऑपरेशन यंत्राशिवाय, लहान छेद घेऊन हातानं करतात. हाही बिनटाक्याचाच प्रकार. दिसण्याच्या बाबतीत निकाल फेकोच्या जवळपास येतो आणि खर्च कितीतरी कमी. घडीचं भिंग हवं, फेको हवं, स्वतंत्र खोली हवी, असं म्हणणारा जास्त पैसे देतो. त्याच्या पैशातून शेजारच्याचं होतं. पण डॉक्टर दोघांना तेच मिळतात.

फुकट असूनही माणसं येईनात

आपल्या भागातल्या आरोग्य खात्याच्या, संस्थांच्या कार्यकर्त्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

अरविंदचे लोक गावोगावी शिबिर घ्यायचे, तपासायचे, ऑपरेशन फुकट आहे म्हणून सांगायचे. तरी फार थोडे यायचे. पुढं 1990 च्या दशकात मदुराई भागातल्या खेड्यांत रीतसर पाहणी झाली, तेव्हा दिसलं की डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभर जणांतले दहाजणसुद्धा शिबिराला पोचत नाहीत.

कारणं विचारली तर ती आपल्याच घरातली निघाली. एसटीचं भाडं कोण देणार? सोबत कोण जाणार, त्याचा रोज बुडणार. तिथं जेवायचं काय? भीती वाटते. ‘आता राहिलंय किती आयुष्य, कशाला खर्च?’ बायकांच्या बाबतीत तर ‘घरकामापुरतं दिसतंय ना,’ एवढ्यावर विषय संपतो. म्हणजे ऑपरेशन फुकट असलं तरी रुग्णाला ते फुकट पडत नव्हतं.

मग त्यांनी बस धाडायला सुरुवात केली. नेणं, जेवण, राहणं, औषध, परत आणून सोडणं, सगळं मोफत. एका गावची माणसं एकत्र नेली की भीतीही कमी होते. तपासणी गावात, ऑपरेशन मात्र रुग्णालयातच. शाळेच्या वर्गात टेबल टाकून ऑपरेशन करण्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो.

तरीही शिबिर वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होणार. मधल्या काळात डोळा बिघडला तर? त्यासाठी 2004-05 च्या सुमारास छोटी दृष्टी केंद्रं निघाली. मोठ्या गावात एक-दोन खोल्या, शिकलेली तंत्रज्ञ मुलगी, डोळा तपासायचं यंत्र आणि कॅमेरा. रुग्ण तपासायचा, माहिती रुग्णालयातल्या डॉक्टरला पाठवायची, डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलणार. तेव्हा खेड्यात इंटरनेट कुठलं? अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी लांब पल्ल्याचं वायफाय उभं करून दिलं आणि थेनीच्या रुग्णालयाला आजूबाजूची केंद्रं जोडली. आज अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत. चष्मा, थेंब, साधा आजार हे तिथंच मिटतं. ऑपरेशन लागणाऱ्यालाच शहर गाठावं लागतं.

दूध संघानं गावोगावी संकलन केंद्र उघडलं नसतं, तर दोन लिटरवाल्या बाईचं दूध डेअरीत कधीच पोचलं नसतं. हे तसंच आहे.

नेतृत्व म्हणजे काय केलं?

आज अरविंदच्या रुग्णालयांत वर्षाला चार लाखांहून जास्त शस्त्रक्रिया होतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास मोफत किंवा अगदी कमी पैशात. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनं 1993 मध्ये या रुग्णालयावर अभ्यास लिहिला, तो जगभर शिकवला जातो. डॉ. व्ही 2006 साली गेले. त्यानंतरही काम वाढतच राहिलं. त्यामागं चार गोष्टी दिसतात.

पहिली, डोळा सोडून दुसऱ्या कशात हात घातला नाही. पैसा आला म्हणून हृदयाचं रुग्णालय किंवा मेडिकल दुकानांची साखळी काढली नाही.

दुसरी, उरलेला पैसा परत कामात घातला. संस्था ट्रस्टच्या ताब्यात राहिली. दरवर्षी नफा वाढवून दाखवा म्हणणारा गुंतवणूकदार डोक्यावर बसला नाही.

तिसरी, येत होतं ते दुसऱ्यांना शिकवलं. लायको नावाची त्यांची प्रशिक्षण संस्था आहे. भारतातली आणि बाहेरच्या देशांतली शेकडो डोळ्यांची रुग्णालयं तिथून शिकून गेली. धंद्यात हे उलटं वाटेल, पण भिंग वापरणारी रुग्णालयं वाढली की भिंगाचा खपही वाढतो.

चौथी, हाताखालची माणसं आधीच तयार केली. एका माणसावर चाललेली संस्था त्या माणसासोबत बसते, हे आपण आपल्या भागातल्या कितीतरी सोसायट्यांत आणि कारखान्यांत बघितलंय.

सगळीकडं चालेल का?

चालेलच असं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेक डोळ्यांत सारखंच असतं, थोड्या वेळात होतं आणि एकदाच करायचं असतं. म्हणून ते रांगेनं करता येतं. मधुमेह, किडनी, कॅन्सर यांत प्रत्येक रुग्ण वेगळा आणि उपचार वर्षानुवर्षं. तिथं दोन टेबलांचा हिशोब बसत नाही. शिवाय संख्या वाढवण्याच्या नादात स्वच्छता सुटली तर एका दिवसात अनेकांचे डोळे जाऊ शकतात. मदुराईची संख्या बघून कोणी नक्कल करणार असेल, तर आधी तिथली शिस्त बघावी.

पण एक प्रश्न कुठल्याही धंद्याला लागू आहे: किंमत कोणाच्या खिशाकडं बघून ठरवायची? गावातल्या माणसासाठी काही बनवणाऱ्या पोरांनी तो स्वतःला विचारावा.

आपल्या घरातल्यांचं काय?

भिंग स्वस्त झालं, ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं, तरी आपल्याकडं कित्येक घरांत म्हातारं माणूस चाचपडत बसलेलं असतं. त्यामागचे काही गैरसमज आणि काळजीच्या गोष्टी:

‘अजून पिकलं नाही, पिकू दे’ हे जुन्या पद्धतीच्या काळातलं. आता पिकायची वाट बघायची नसते. रोजच्या कामात अडचण यायला लागली की दाखवावं. फार पिकलेला मोतीबिंदू काढणं उलट अवघड जातं, डोळ्यात दाब वाढण्याचा धोकाही असतो.

काचबिंदू वेगळा. त्यात गेलेली नजर परत येत नाही. म्हणून अंधुक दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच, असं घरी बसून ठरवू नका. मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदाही तपासून घ्या.

ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून जा. आशाताईंनाही विचारा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. ऑपरेशनआधी साखर आणि बीपी आटोक्यात लागतं.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस थेंब टाका. डोळ्यात पाणी, धूळ, चुलीचा धूर जाऊ देऊ नका. मळणीच्या जागी तर फिरकूच नका. डोळा लाल झाला, दुखायला लागला, नजर कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत अंधुक दिसायला लागलं, तर बऱ्याचदा भिंगामागचा पातळ पापुद्रा धुरकट झालेला असतो. तो लेझरनं काही मिनिटांत मोकळा करता येतो.

आणि गावातल्या तरुण मंडळांना एक विनंती. गणपतीत, जयंतीला आपण वर्गणी काढतोच. त्यातून एका दिवसाची गाडी करा. गावातली मोतीबिंदूवाली दहा-बारा माणसं तपासणीला घेऊन जा, सोबत एक-दोन पोरं आणि डबा द्या. डॉक्टर, भिंग आणि ऑपरेशन तिथं आहे. आपल्या म्हाताऱ्यांना तिथपर्यंत न्यायला सोबतीचं माणूस लागतं, ते आपल्याला देता येईल.